घरच्या सौर इन्व्हर्टरला संगणकाची जोड

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण दुधाचा हिशेब ठेवतो. सकाळचे किती लिटर, संध्याकाळचे किती, फॅट किती लागली, हे सारे डेअरीच्या कार्डावर असते. एखाद्या म्हशीचे दूध अर्ध्या लिटरने घटले तरी घरातल्या बाईच्या ते दुसऱ्या दिवशी लक्षात येते. पण छपरावर लाख-दीड लाख रुपये खर्चून बसविलेली सौर यंत्रणा आज किती वीज देते आणि मागच्या महिन्यात किती देत होती, हे विचारले तर दहापैकी आठ घरांत उत्तर मिळत नाही. दिवा लागतो ना, मग सगळे ठीक आहे, असे आपण धरून चालतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठेवले. त्यामुळे गावोगावच्या घरांवर पॅनेल दिसू लागली. ती बसविणारा ठेकेदार काम संपवून निघून जातो. पुढची वीस-पंचवीस वर्षे यंत्रणा सांभाळायची असते ती आपल्याला. म्हणून इन्व्हर्टर संगणकाला तारेने कसा जोडावा, त्याच्याकडून रोजची नोंद कशी घ्यावी आणि त्या नोंदीचा उपयोग काय, याची माहिती आज आपण घेऊ.

नोंद कशासाठी?

आधी पैशाचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज देते. तीन किलोवॅटची यंत्रणा असेल तर दिवसाला १२ आणि महिन्याला ३६० युनिट झाले. समजा, पॅनेलच्या दोन रांगा आहेत आणि उंदराने कुरतडल्यामुळे किंवा जोड सैल झाल्यामुळे त्यांतील एक बंद पडली. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो, घरातले पंखेही फिरतात. मात्र महिन्याला १८० युनिट बुडतात. युनिटला ८ रुपये धरले तर हे नुकसान १,४४० रुपयांचे झाले. बिल वाढल्याचे ध्यानात येऊन कारण सापडेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात.

आजकाल बहुतेक इन्व्हर्टरबरोबर वायफायचे छोटे उपकरण येते आणि माहिती मोबाइलवर दिसते. ते वापरावेच. परंतु ती माहिती आधी कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते आणि तेथून आपल्याकडे येते. वस्तीवर इंटरनेट नसेल, राउटर बंद असेल, किंवा कंपनीने ती सेवा पुढे चालविली नाही, तर हाती काही राहत नाही. तारेने जोडलेल्या संगणकावरची नोंद आपल्या घरात, आपल्या ताब्यात असते. तिला इंटरनेट लागत नाही.

आपला इन्व्हर्टर कोणता?

जोडणीपूर्वी आपला इन्व्हर्टर कोणत्या प्रकारात मोडतो, हे समजून घ्यावे.

पहिला प्रकार ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरचा. याला बॅटरी नसते. तयार झालेली वीज घरात वापरली जाते आणि उरलेली नेट मीटरमधून लाइनवर जाते. लाइन गेली की हा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. तो बिघाड समजू नये.

दुसरा प्रकार बॅटरीवर चालणारा, म्हणजे ऑफ-ग्रिड. मळ्यातल्या वस्तीवर हा अधिक आढळतो. दोन्ही कामे करणाऱ्या तिसऱ्या प्रकारास हायब्रिड म्हणतात.

सरकारी योजनेतील सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरला मात्र यातले काही करू नये. त्याला दूरस्थ देखरेखीची यंत्रणा बसविलेली असते आणि तो पुरवठादाराच्या देखभालीखाली असतो.

इन्व्हर्टरची बोलण्याची तोंडे

इन्व्हर्टरच्या खालच्या बाजूस माहिती देण्यासाठी एखादे पोर्ट असते. ते पुढील तीनपैकी एक असते.

१) आरएस-२३२ : ही जुनी पद्धत आहे. तार साधारण १५ मीटरपेक्षा लांब नेऊ नये. एका तारेवर एकच इन्व्हर्टर जोडता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या अनेक इन्व्हर्टरना हेच पोर्ट असते.

२) आरएस-४८५ : याला ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन तारा लागतात. कमी वेगाने माहिती पाठवायची असेल तर ही तार १,२०० मीटरपर्यंत नेता येते आणि एकाच तारेवर अनेक उपकरणे बसविता येतात. ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा ही पद्धत असते. पॅनेल गोठ्यावर आणि संगणक घरात, अशा ठिकाणी हीच सोयीची पडते.

३) यूएसबी : काही इन्व्हर्टरना सरळ यूएसबी पोर्ट असते. तार थेट जोडता येते, पण ती पाच मीटरच्या आतच ठेवावी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ साठी अनेक कंपन्या संगणकाच्या लॅन पोर्टसारखे दिसणारे आठ पिनांचे पोर्ट देतात. ते लॅन पोर्ट आहे असे समजून तयार लॅन केबलने संगणकाला किंवा राउटरला जोडू नये. त्यातील काही पिनांवर वायफाय उपकरणासाठी ५ किंवा १२ व्होल्ट दिलेले असतात. त्यामुळे संगणकाचे पोर्ट जळू शकते. कोणती पिन कशासाठी आहे हे माहितीपुस्तिकेतील तक्त्यात दिलेले असते. तो तक्ता मिळाल्याशिवाय तार कापू नये.

लागणारे साहित्य

१) यूएसबीतून आरएस-४८५ किंवा आरएस-२३२ करणारा कन्व्हर्टर. आपले पोर्ट ज्या पद्धतीचे, त्याच पद्धतीचा घ्यावा. दुकानात ‘टीटीएल’ नावाचा स्वस्त कन्व्हर्टर मिळतो, तो आरएस-२३२ ला चालत नाही. आरएस-२३२ चा विद्युतदाब उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत असू शकतो आणि टीटीएलचा ५ किंवा ३.३ व्होल्टच असतो. चुकीची जोड दिली तर कन्व्हर्टर जळतो. शक्य असेल तर विलग, म्हणजे ‘आयसोलेटेड’ प्रकारचा कन्व्हर्टर घ्यावा. त्यात इन्व्हर्टर आणि संगणक यांच्यात थेट विद्युतजोड नसते. चार पैसे जास्त पडतात, पण पावसाळ्यात संगणक वाचतो.

२) पीळ असलेली जोडतार. चांगल्या प्रतीच्या लॅन केबलमधील पिळाची एक जोडी वापरली तरी काम भागते. तारेला पीळ असल्याने शेजारच्या तारांतून येणारा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि त्यामुळे माहिती बिघडत नाही. सुट्या दोन वायरी ओढू नयेत.

३) आठ पिनांचा प्लग आणि तो दाबून बसविण्याची पक्कड. केबल टीव्ही किंवा संगणक दुरुस्तीवाल्याकडे ती मिळते.

४) साधा मल्टिमीटर.

५) संगणक. तो कोणता असावा, ते पुढे पाहू.

जोडणीची पद्धत

जोडणी करताना पुढील क्रम पाळावा.

१) इन्व्हर्टर बंद करावा. आधी एसी बाजूचा एमसीबी पाडावा, नंतर डीसी स्विच बंद करावा. झाकण उघडावे लागणार असेल तर पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. हा वेळ साधारणपणे ५ ते १० मिनिटांचा असतो. आतील कपॅसिटरमध्ये तोवर वीज साठून राहिलेली असते.

२) माहितीची तार वीजतारांपासून वेगळ्या पाइपमधून न्यावी. एकाच पाइपात कोंबू नये. दोन्ही एकमेकांना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

३) आरएस-४८५ मध्ये ‘ए’ ला ‘ए’ आणि ‘बी’ ला ‘बी’ जोडावे. ‘जीएनडी’ अशी तिसरी खूण दोन्ही बाजूंस असेल तर तीही जोडावी. तारेवर जाळीचे आवरण असेल तर ते एकाच टोकाला अर्थ करावे, दोन्ही टोकांना करू नये.

४) दोन-तीन उपकरणे असतील तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी एका माळेत तार न्यावी. झाडाच्या फांद्यांसारख्या शाखा काढू नयेत. तार फार लांब असेल तर माळेच्या दोन्ही टोकांना ‘ए’ व ‘बी’ यांच्यामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर बसवावा. दहा-वीस मीटरच्या घरगुती जोडणीत त्यावाचून अडत नाही.

५) सुरुवात करताना आधी डीसी आणि मग एसी चालू करावे. पहिली चाचणी बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर घ्यावी.

उत्तर आले नाही तर घाबरू नये. काही कंपन्या ‘ए’ आणि ‘बी’ ची नावे उलट देतात. दोन्ही तारा अदलाबदल करून पाहाव्यात. त्याने काही जळत नाही.

संगणक विचारतो, इन्व्हर्टर सांगतो

तार जोडली म्हणून इन्व्हर्टर आपणहून बोलू लागत नाही. त्याला विचारावे लागते, आणि विचारण्याची भाषाही ठरलेली असते. आरएस-४८५ वर बहुधा ‘मॉडबस’ ही भाषा चालते. कारखान्यांतील यंत्रांसाठी मॉडिकॉन या कंपनीने ती १९७९ मध्ये तयार केली. ती सोपी आणि सर्वांना खुली असल्यामुळे आजही टिकून आहे.

शाळेतली हजेरी डोळ्यांपुढे आणा. गुरुजी क्रमांक पुकारतात आणि ज्याचा क्रमांक असेल तोच मुलगा ‘हजर’ म्हणतो, बाकीचे गप्प बसतात. मॉडबसमध्ये संगणक गुरुजींच्या जागी असतो. प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ मधील एक क्रमांक दिलेला असतो. एका तारेवर दोन इन्व्हर्टर असतील तर त्यांचे क्रमांक वेगवेगळे ठेवावेत. एकच ठेवला तर दोघेही एकदम बोलतात आणि काहीच कळत नाही.

इन्व्हर्टरच्या आत माहितीचे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका कप्प्यात लाइनचा विद्युतदाब, दुसऱ्यात चालू क्षणाची वॅट, तिसऱ्यात आजचे युनिट अशी मांडणी असते. कोणत्या कप्प्यात काय आहे, याचा तक्ता कंपनीकडून मागून घ्यावा. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरचा तक्ता आपल्याला चालेलच असे नाही.

तक्ता वाचताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दशांश चिन्ह. कप्प्यात फक्त पूर्णांक मावतो. म्हणून २३४.५ व्होल्ट हा आकडा २३४५ असा ठेवलेला असतो. त्यास १० ने भागावे लागते.

दुसरी, मोठे आकडे. एका कप्प्यात ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. एकूण उत्पादनासारखा मोठा आकडा दोन कप्प्यांत विभागलेला असतो. वरच्या कप्प्यातील आकड्याला ६५,५३६ ने गुणून त्यात खालच्या कप्प्यातील आकडा मिळवावा. उदाहरणार्थ, वर १ आणि खाली ४,४६४ असेल तर बेरीज ७०,००० होते. एकक दशांश युनिटचे असेल तर ते ७,००० युनिट झाले.

तिसरी, क्रमांकाची सुरुवात. काही तक्ते कप्पे शून्यापासून मोजतात, काही एकपासून. आकडे विचित्र आले तर एक कप्पा पुढे-मागे करून पाहावे.

चौथी, वाचण्याची आज्ञा. काही कप्पे आज्ञा क्रमांक ३ ने वाचले जातात, काही क्रमांक ४ ने. तक्त्यात ते दिलेले असते.

संगणकावर वेगही जुळवावा लागतो. मॉडबस इन्व्हर्टरमध्ये बहुधा ९,६०० असतो. बॅटरीच्या इन्व्हर्टरची रीत वेगळी आहे. तैवानच्या व्होल्ट्रॉनिक कंपनीच्या बनावटीचे इन्व्हर्टर निरनिराळ्या नावांनी विकले जातात. त्यांचा आरएस-२३२ चा वेग २,४०० असतो. त्यांना ‘क्यूपीआयजीएस’ ही अक्षरे तपासणी-अंकासह पाठविली, की लाइनचा दाब, भार, बॅटरीचा दाब, पॅनेलचा प्रवाह असे सारे आकडे एका ओळीत परत येतात.

हे सारे स्वतः लिहिण्याची गरज नाही. होम असिस्टंटसारखी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत आणि अनेक इन्व्हर्टरसाठी लागणारी जोड त्यांत मिळते. घरातील मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत असेल तर पायथन भाषेत पंचवीस-तीस ओळींचा कार्यक्रम ती सहज लिहील. दर मिनिटाला इन्व्हर्टरला विचारावे, उत्तर तारीख-वेळेसह एका ओळीत लिहून ठेवावे, एवढेच त्या कार्यक्रमाचे काम असते. दिवसाच्या १,४४० ओळी होतात. एक ओळ ८० अक्षरांची धरली तरी वर्षाची नोंद सुमारे ४२ मेगाबाइट भरते. म्हणजे एका साध्या पेनड्राइव्हवर वीस वर्षांचा हिशेब सहज राहील.

संगणकच वीज खाऊ नये

जुना टेबलावरचा संगणक पडून आहे, तोच रात्रंदिवस चालू ठेवू, असे काहीजण म्हणतील. त्याचा हिशेब करा. असा संगणक ८० वॅट घेत असेल तर २४ तासांत १.९२ युनिट होतात. एक किलोवॅट पॅनेलच्या दिवसाच्या उत्पादनाची ही जवळजवळ निम्मी वीज झाली. राखणदारानेच निम्मे धान्य खावे, तशातला हा प्रकार आहे.

या कामासाठी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक योग्य. तो सुमारे ५ वॅट घेतो, म्हणजे दिवसाला ०.१२ युनिट. मात्र त्याच्या दोन उणिवा लक्षात ठेवाव्यात. जुन्या प्रकारांत घड्याळाची सोय नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले तर वेळ चुकते, आणि वेळ चुकलेली नोंद कामाची नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारे छोटे घड्याळ वेगळे बसवावे. दुसरे म्हणजे, वारंवार वीज गेल्यास त्याचे मेमरी कार्ड खराब होते. म्हणून त्याला बॅटरीचा आधार द्यावा आणि दर महिन्याला नोंदीची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.

नोंदी कशा वाचाव्यात?

बंधूंनो, तार जोडणे हे एका दिवसाचे काम आहे. खरा लाभ नोंद वाचण्यात आहे. दिवसभराच्या वॅटचा आलेख काढला तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी तो टेकडीसारखा दिसतो. सकाळी चढतो, दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास माथा गाठतो आणि संध्याकाळी उतरतो. ही टेकडी कोठे आणि कशी मोडली आहे, यावरून दोष ओळखता येतो.

खाचा कोठेही व अनियमित पडल्या असतील तर ते ढग आहेत. काळजी नको.

खाच रोज ठरावीक वेळी पडत असेल तर ती सावली आहे. पाण्याची टाकी, लिंबाची फांदी किंवा नवी बांधलेली भिंत तपासावी. पावसाळ्यात नसलेली सावली डिसेंबर-जानेवारीत येते, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांबतात. फांदी छाटण्याआधी आणि छाटल्यानंतरचे आकडे पाहिले, की फांदीने किती युनिट खाल्ले ते कळते.

टेकडीचा आकार तसाच आहे, पण उंची एकदम निम्मी झाली, तर पॅनेलची रांग तुटली असे समजावे. त्याच दिवशी तंत्रज्ञास बोलवावे.

उंची आठवड्यागणिक थोडी थोडी घटत गेली तर तो धुळीचा परिणाम होय. मळणीचे दिवस, वीटभट्टी किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तर हे लवकर घडते. पॅनेल सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर धुवावीत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्यास काच तडकण्याचा धोका असतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर धुतल्यावर काच पुसून घ्यावी, नाहीतर पांढरे डाग धरतात.

एप्रिल-मे मध्ये ऊन कडक, पण उत्पादन अपेक्षेइतके नाही, असे दिसले तर तो उष्णतेचा परिणाम असतो. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला ती साधारण ०.४ टक्क्याने घटते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तर ४० अंशांची वाढ आणि १६ टक्के घट झाली. पॅनेलखालून वारा खेळेल एवढी जागा ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

भर दुपारी वॅट एकदम शून्यावर येतात, काही वेळाने पुन्हा चालू होतात आणि पुन्हा शून्य होतात, हा प्रकार गावच्या टोकाच्या घरांत पुष्कळ आढळतो. अशा वेळी शेजारच्या रकान्यातील लाइनचा दाब पाहावा. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा धरला तर त्याच्या ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट होतात. दाब त्यापुढे गेला की ग्रिडचा इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद होतो. दोष इन्व्हर्टरचा नसतो. दाब वाढण्याची दोन कारणे असू शकतात. एक, लाइनवरच दाब जास्त आहे. दुसरे, इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची आपली तार बारीक आहे.

दुसऱ्या कारणाचा हिशेब पाहा. तीन किलोवॅटला सुमारे १३ अँपिअर प्रवाह वाहतो. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ६० मीटर नेली तर जाऊन-येऊन १२० मीटर होते आणि तिचा रोध ०.५५ ओहम भरतो. १३ ला ०.५५ ने गुणले तर ७ व्होल्ट झाले. म्हणजे मीटरवर २४७ व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरला ते २५४ दिसतात आणि तो बंद होतो. तीच तार १० चौरस मिलिमीटरची असेल तर वाढ ३ व्होल्टच होते. अशा वेळी खर्च तारेवर करावा, इन्व्हर्टर बदलण्यावर करू नये. लाइनवरच दाब जास्त असेल तर तारीख, वेळ आणि व्होल्ट यांची आठ दिवसांची नोंद छापून वीज कंपनीच्या कार्यालयात अर्जासोबत द्यावी. ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलून दाब कमी करता येतो. ‘दुपारी लाइट जास्त येते’ असे तोंडी सांगण्यापेक्षा आकड्यांच्या कागदाला वजन असते.

बॅटरीवाल्यांसाठी खास सूचना

बॅटरी हा यंत्रणेतील सर्वांत लवकर संपणारा आणि महाग भाग आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडल्या तर साठा ७.२ युनिटचा होतो. पण शिसे-आम्ल बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी करू नये. म्हणजे रात्री वापरण्याजोगे ३.६ युनिटच झाले.

भार नसताना विसावलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी रिकामी झाली की सुमारे १२.२ व्होल्ट. चार बॅटऱ्यांच्या संचास ते अनुक्रमे ५०.८ आणि ४८.८ व्होल्ट होतात. पहाटे, ऊन लागण्यापूर्वीचा आकडा रोज पाहावा. भार तेवढाच असून तो महिन्यागणिक खाली सरकत असेल तर बॅटरी थकत चालली आहे किंवा दिवसा पूर्ण भरत नाही. डिस्टिल्ड वॉटर तपासावे आणि रात्रीचा भार कमी करावा. संगणकाला चारही बॅटऱ्यांची बेरीजच दिसते. त्यांतील एक दुबळी असेल तर ते कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी.

लिथियम बॅटरीला हे आकडे लावू नयेत. तिचा दाब बराच काळ जवळजवळ सारखाच राहतो. त्यावरून साठा कळत नाही, तिच्या आतील नियंत्रकाकडूनच माहिती घ्यावी लागते.

कडबाकुट्टी इन्व्हर्टरवर लावताच तो बंद पडतो, अशी तक्रार नेहमी येते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट खरे, पण मोटार सुरू होताना प्रवाह पाच-सहा पट होतो. कुट्टी दुपारच्या उन्हात, इतर भार बंद ठेवून चालवावी, किंवा लाइनवर चालवावी.

बिलाशी मेळ

नेट मीटर असणाऱ्यांनी दर महिन्याला एक हिशेब करावा. इन्व्हर्टरने केलेली वीज, वजा लाइनवर दिलेली, अधिक लाइनवरून घेतलेली, म्हणजे घरातील एकूण वापर. उत्पादन ३६०, दिलेली २१० आणि घेतलेली १२० असेल तर घराने २७० युनिट वापरले. इन्व्हर्टरचा आकडा आणि मीटरचा आकडा यांत थोडा फरक असतोच. पण फरक एकदम वाढला तर जोडण्या आणि मीटर दोन्ही तपासून घ्यावे.

घ्यावयाची खबरदारी

१) पॅनेलच्या रांगेत तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत डीसी दाब असू शकतो. ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. त्याचा धक्का जीवघेणा असतो. पॅनेलच्या तारांना स्वतः हात लावू नये. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचेच आहे.

२) यंत्रणा चालू असताना पॅनेलचे जोड ओढून काढू नयेत. डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही. तिने आग लागते.

३) संगणकाने फक्त वाचावे, लिहू नये. मॉडबसमध्ये इन्व्हर्टरची मांडणी बदलणाऱ्या आज्ञाही असतात. दाबाची मर्यादा वाढवून ठेवली म्हणजे इन्व्हर्टर बंद पडणार नाही, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्याने घरातील उपकरणे जळतात आणि हमीही जाते.

४) झाकण उघडल्यास किंवा सील तोडल्यास हमी रद्द होते का, हे आधी पुरवठादाराला लेखी विचारावे. बाहेर असलेल्या पोर्टवर जोडणी करणे केव्हाही चांगले.

५) वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या आणि विलग कन्व्हर्टर नसेल, तर यूएसबीची तार आधीच काढून ठेवावी. यंत्रणेचे अर्थिंग दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

६) हा संगणक इंटरनेटला जोडला तर मूळचा पासवर्ड बदलावा.

शेवटी एवढेच सांगतो. ज्यांना संगणकाची जोड लगेच शक्य नाही, त्यांनी थांबून राहू नये. इन्व्हर्टरच्या पडद्यावर आजचे युनिट दिसतातच. सूर्य मावळताना तो आकडा दुधाच्या कार्डाशेजारी टांगलेल्या एका वहीत लिहावा. रोजचे एक मिनिट लागेल. हे काम घरातील शाळकरी मुलांकडे सोपवावे, ती ते हौसेने करतील. वर्षभराची अशी वही तयार झाली, की पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करता येते, आणि संगणक जोडाल तेव्हा त्याचे आकडे बरोबर आहेत की नाहीत, तेही त्या वहीवरून पडताळता येते.

 आपापल्या इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिका ज्यांनी सोबत आणल्या आहेत, त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. पिनांचा तक्ता आपण मिळून पाहू.